अग्निबाण सरकारने बांधावेत की खाजगी उद्योगाने? कुपवाडच्या एका वर्कशॉपला पडलेला प्रश्न

कुपवाडकर (सांगली) :

सर्वांना नमस्कार. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझे लहानसे वर्कशॉप आहे. दोन सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ, एक व्हीएमसी (उभे मिलिंग यंत्र) आणि माझ्यासह दहा माणसे एवढाच आमचा पसारा असून, आजवरचे बहुतेक काम पंपांचे शाफ्ट, इम्पेलर आणि गळीत हंगामाच्या तोंडावर साखर कारखान्यांना लागणारे सुटे भाग यांचे झाले आहे. मागच्या महिन्यात पुण्याच्या एका ओळखीच्या व्हेंडरने ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या एका कड्याचे ड्रॉइंग पाठवले आणि हे काम जमेल का, असे विचारले. कड्याचा व्यास पाऊण मीटरच्या आसपास आहे, भिंत पातळ आहे, आणि गोलाईत जेवढी सूट (चालेल एवढा फरक) दिली आहे तेवढ्या कमी सुटीत आम्ही पंपाच्या कामात कधी माल दिलेला नाही. दोन-तीन फोन झाल्यावर कळले की हे कडे एका खाजगी कंपनीच्या अग्निबाणाचे दोन टप्पे जोडण्यासाठी आहे.

काम घ्यायचे तर मोठ्या टेबलाचे यंत्र आणि तापमान स्थिर राहील अशी मोजमापाची खोली लागेल, म्हणजे बँकेचे कर्ज आले. घरात यावर दोन तट पडले आहेत. एका सरकारी उपक्रमाने आमच्या बिलाचे पैसे चौदा महिन्यांनी दिले होते आणि त्या काळात पगारासाठी आईच्या बांगड्या गहाण पडल्या होत्या, तरीही वडिलांचे मत असे की सरकारचा पैसा उशिरा येतो पण बुडत नाही, आणि अग्निबाणासारखी गोष्ट सरकारशिवाय कोणाला पेलणारी नाही. मेहुण्यांचे म्हणणे असे की इस्रोचे दिवस भरत आले असून अमेरिकेत जे झाले तेच इथे होणार, तेव्हा आत्ताच खाजगी कंपनीचे बोट धरावे. दोघेही ठामपणे बोलतात, आणि दोघांनाही आणखी दोन प्रश्न विचारले की विषय उसाच्या दरावर जातो.

अग्निबाण बांधण्याच्या कामात सरकारने काय केले आणि खाजगी उद्योगाने काय केले, याचा खरा हिशेब कोणी मांडून दाखवेल का? माझा प्रश्न धंद्याचा आहे हे मान्य, पण पुढची दहा वर्षे गिऱ्हाईक कोण राहील हे समजण्यासाठी मागचे पाहावे लागेल असे वाटते.


निवृत्त तपासनीस (मिरज) :

कुपवाडकर, आपले वडील आणि मेहुणे ज्या गृहीतकावर भांडत आहेत तेच मला मान्य नाही. मी तीस वर्षांहून अधिक काळ जाड पत्र्याच्या वेल्डिंगची तपासणी केली आणि त्यांतली काही वर्षे अग्निबाणाच्या मोटार केसिंगवर, म्हणजे ज्यात घन इंधन भरतात त्या पोलादी नळकांड्यावर गेली, म्हणून हे थोडे अधिकाराने लिहितो. आपण ज्याला सरकारी अग्निबाण म्हणतो त्याचा सांगाडा सरकारी छपराखाली क्वचितच घडतो. द्रव इंधनाची विकास इंजिने विक्रोळीच्या गोदरेजमध्ये आणि हैदराबादच्या एमटीएआरमध्ये तयार होतात. घन इंधनाच्या मोटारींची केसिंग आपल्यापासून फार लांब नसलेल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनतात, तशीच पवईच्या लार्सन अँड टुब्रोमध्येही बनतात.

पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचेच घ्या. व्यास २.८ मीटर आणि पोटात सुमारे १३९ टन घन इंधन. केसिंगसाठी वापरतात ते मॅरेजिंग पोलाद हैदराबादच्या मिधानी या सरकारी कारखान्यातून येते. हे पोलाद मऊ अवस्थेत वेल्ड करायचे आणि नंतर सुमारे ४८० अंश सेल्सिअसला भट्टीत ठेवून त्याची ताकद वाढवायची, असा क्रम असतो. भट्टीत त्याच्या मापात जो सूक्ष्म फरक पडतो तो आधीच हिशेबात धरावा लागतो, आणि तो पुस्तकात सापडत नाही. चार केसिंग बिघडवल्यावर हाताला कळतो. प्रत्येक जोडाची क्ष-किरण आणि श्राव्यातीत ध्वनीने तपासणी होते, शेवटी आत पाणी भरून दाब देतात. या सगळ्या वेळी इस्रोचा माणूस शेजारी उभा असे. आराखडा त्याचा आणि नाकारण्याचा हक्कही त्याचाच; आणि उड्डाण फसले तर संसदेत उत्तर देण्याची पाळी त्याच्या वरिष्ठांवर येणार, हे आम्हाला ठाऊक होते.

सरकारचा खरा वाटा इथे आहे. एसएलव्ही-३ या आपल्या पहिल्या उपग्रह प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण १० ऑगस्ट १९७९ रोजी झाले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतून नायट्रिक आम्ल गळून गेले आणि यान पाच मिनिटांच्या आसपास उडून बंगालच्या उपसागरात कोसळले. तेव्हा प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम होते. पुढच्या वर्षी १८ जुलैला, थुंब्याच्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालक आपले वसंतराव गोवारीकर असताना, रोहिणी उपग्रह कक्षेत पोचला. त्यानंतरच्या एएसएलव्हीची १९८७ आणि १९८८ ची दोन्ही उड्डाणे फसली. पीएसएलव्हीचे सप्टेंबर १९९३ मधले पहिले उड्डाणही फसले. एवढे होऊनही पैसा थांबला नाही. भागधारकांना जबाब देणारी कोणतीही कंपनी १९८८ नंतर उभी राहिली असती का, याचा विचार मेहुण्यांनी करावा.

अतिशीत (क्रायोजेनिक) इंजिनाची गोष्ट याहून लांब आहे. १९९१ मध्ये रशियाच्या ग्लावकॉसमॉसशी इंजिन आणि तंत्रज्ञान या दोन्हींचा करार झाला होता. अमेरिकेने निर्बंध लादले, १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यातून अंग काढून घेतले आणि सात तयार इंजिने देऊ केली. त्यानंतर आपण स्वतः इंजिन करायला घेतले. ते एप्रिल २०१० मध्ये पहिल्यांदा उडाले आणि फसले. ५ जानेवारी २०१४ रोजी ते इंजिन लावलेल्या जीएसएलव्ही-डी५ या प्रक्षेपकाने यश दिले. म्हणजे रशियाने हात झटकल्यापासून दोन दशके गेली. एवढी कळ काढणारा खाजगी सावकार मला तरी माहीत नाही.


कऱ्हाडचा, सध्या हैदराबाद :

मी हैदराबादेत एका खाजगी अंतराळ कंपनीत इंजिनांच्या चाचणी विभागात आहे, तेव्हा माझे मत त्या हिशेबाने वाचावे. तपासनीस काका, आपल्या पिढीने जे केले त्याच्या पायावरच आम्ही उभे आहोत आणि ते लिहिताना मला संकोच नाही. पण वीस वर्षे कळ काढली याचे कौतुक करताना, त्या कामाला वीस वर्षे का लागली हा प्रश्न आपण सोडून देता. गिऱ्हाईक तोच, मालक तोच आणि परीक्षकही तोच असेल तर उशीर झाल्याने कोणाचेच काही बिघडत नाही. धीर आणि ढिलाई या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात.

अमेरिकेच्या नासाने २०११ मध्ये स्वतःच एक तुलना केली होती. आपल्या नेहमीच्या पद्धतीने फाल्कन ९ हा प्रक्षेपक विकसित केला असता तर किती खर्च आला असता, हे नासाने आपल्याच खर्चाच्या प्रारूपावरून काढले आणि उत्तर जवळपास ४ अब्ज डॉलर आले. तो बांधणाऱ्या स्पेसएक्स या खाजगी कंपनीने प्रत्यक्षात त्यावर सुमारे ३० कोटी डॉलर खर्च केले होते. हा फरक पाच-दहा टक्क्यांचा नाही. दुसरीकडे नासाचा एसएलएस हा महाकाय प्रक्षेपक २०१६ च्या सुमारास उडणार होता, तो नोव्हेंबर २०२२ मध्ये उडाला. आणि त्यावरचे यान व जमिनीवरची व्यवस्था धरून पहिल्या चार मोहिमांचा प्रत्येकी खर्च ४.१ अब्ज डॉलर पडेल, असे नासाच्याच महानिरीक्षकांनी २०२२ मध्ये अमेरिकी संसदेला सांगितले. त्याचे बूस्टर आणि मुख्य इंजिने समुद्रात जातात. फाल्कन ९ चा पहिला टप्पा डिसेंबर २०१५ मध्ये जमिनीवर उतरला आणि मार्च २०१७ मध्ये तसाच एक वापरलेला टप्पा पुन्हा उडाला.

आपल्याकडचेही एक उदाहरण देतो, आणि ते देताना मला आनंद होत नाही. जीसॅट-एन२ हा ४,७०० किलोचा आपला दळणवळण उपग्रह आपल्या सर्वांत ताकदवान प्रक्षेपकाला पेलणारा नव्हता, म्हणून तो नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरिडाहून फाल्कन ९ वरून पाठवावा लागला. सरकारी उपग्रहाला परदेशी खाजगी प्रक्षेपक भाड्याने घ्यावा लागतो, या स्थितीत सरकारी धीराचे गोडवे किती गायचे?

इथेही दार उघडलेले आहे. जून २०२० मध्ये सरकारने हे क्षेत्र खुले करण्याचे जाहीर केले, इन-स्पेस ही परवानगी देणारी संस्था आली, २०२३ मध्ये अंतराळ धोरण आले, आणि २०२४ पासून प्रक्षेपकांच्या कंपन्यांत ४९ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणूक थेट मार्गाने येऊ शकते. स्कायरूट या खाजगी कंपनीचा विक्रम-एस १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून ८९.५ किलोमीटर उंचीपर्यंत गेला. अग्निकुल या दुसऱ्या खाजगी कंपनीने ३० मे २०२४ रोजी तिथेच आपल्या स्वतःच्या प्रक्षेपण तळावरून थ्री-डी छपाईने एकसंध बनवलेल्या इंजिनाचे यान उडवले. कुपवाडकर, माझ्या मते आपण या बाजूला यावे, आणि लवकर यावे.


निवृत्त तपासनीस (मिरज) :

ही दोन्ही उड्डाणे कक्षेपर्यंत गेलेली नाहीत, हेही त्याच दमात लिहायला हवे होते. वर जाणे आणि कक्षेत राहणे यांत केवढे अंतर आहे हे आपल्याला मी सांगायला नको. आणि श्रीहरिकोटा, तिथली रडार यंत्रणा, उड्डाण भरकटले तर ते नष्ट करण्याची व्यवस्था, हे सगळे कोणाच्या पैशाने उभे राहिले?


कऱ्हाडचा, सध्या हैदराबाद :

काका, कक्षेचा मुद्दा मान्य. मात्र सगळेच सरकारी आवारात होते असेही नाही. स्कायरूटच्या कलाम-५ या घन इंधनाच्या मोटारीची चाचणी डिसेंबर २०२० मध्ये नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजच्या आवारात झाली होती.


लेखापरीक्षक (सातारा) :

मी शासकीय बांधकामांच्या हिशेब तपासणीत आयुष्य घालवले आहे. अग्निबाणातले मला फारसे कळत नाही, पण करारनाम्यातले कळते. वरची चर्चा वाचताना सारखे वाटत होते की भांडण चुकीच्या रेषेवर चालले आहे. कऱ्हाडच्या बंधूंनी आवेशात ज्या एसएलएसला सरकारी म्हणून नावे ठेवली, तो बांधला कोणी? मुख्य टप्पा बोइंगचा आणि बाजूचे घन इंधनाचे बूस्टर नॉर्थ्रॉप ग्रमनचे. दोन्ही शंभर टक्के खाजगी कंपन्या. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न ५ चे तीन टप्पे बोइंग, नॉर्थ अमेरिकन आणि डग्लस या तीन खाजगी कंपन्यांनी बांधले होते. त्यामुळे एसएलएस महाग पडण्याचे कारण मालकीत शोधून सापडणार नाही. ते मजुरी ठरवण्याच्या पद्धतीत आहे.

आपल्याकडे विहीर खोदायची झाली तर दोन तऱ्हा असतात. एक रोजावर आणि दुसरी उक्ती. रोजावर काम दिले की खडक लागला, पाऊस आला, क्रेन बिघडली, तरी मजुरी मालकाच्या खिशातून चालूच राहते, आणि खोदणाऱ्याला घाई करण्याचे कारण उरत नाही. उक्ते दिले की फुटाचा भाव ठरतो. खडक लागला तर ती खोदणाऱ्याची चिंता. एसएलएसचे करार झालेला खर्च अधिक मोबदला या जातीचे, म्हणजे रोजावरचे आहेत. नासाने २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर माल नेण्यासाठी जी योजना काढली ती उक्ती होती, आणि त्यात आणखी एक शहाणपण होते: पैसे टप्प्याटप्प्याने, ठरलेले काम करून दाखवल्यावरच मिळत. त्या योजनेत निवडलेली किस्टलर नावाची कंपनी टप्पे गाठू शकली नाही, तेव्हा नासाने २००७ मध्ये तिचा करार संपवला आणि उरलेले पैसे दुसरीकडे वळवले. आमच्या खात्यात असा करार संपवायचा म्हटले असते तर तीन पिढ्या कोर्टात गेल्या असत्या.

स्पेसएक्सच्या यशाची कथा सांगताना मधले हे सरकारी पान नेहमी गळते. त्यांच्या फाल्कन १ ची २००६, २००७ आणि ऑगस्ट २००८ ची अशी तीन उड्डाणे फसली. ती प्रशांत महासागरातल्या ज्या बेटावरून झाली ते अमेरिकी सैन्याच्या चाचणी क्षेत्रात आहे, आणि पहिल्या उड्डाणातला उपग्रह हवाई दलाच्या प्रबोधिनीचा होता. २८ सप्टेंबर २००८ च्या चौथ्या उड्डाणाने कंपनी तगली आणि त्याच वर्षी डिसेंबरात नासाने १२ फेऱ्यांसाठी १.६ अब्ज डॉलरचे कंत्राट तिला दिले. इंजिनातली इंधन फवारण्याची पद्धत अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमांच्या काळातल्या कामातून आलेली, आणि यानाच्या उष्णतारोधक कवचाचे मूळ साहित्य नासाच्या प्रयोगशाळेतले. अग्निबाण कंपनीने स्वतःच्या हिमतीवर बांधला यात शंका नाही, पण बियाणे आणि बाजारपेठ सरकारची होती.

उलट बाजूही पाहावी. टेक्सासच्या बील एरोस्पेसने सरकारी पैसा न घेता मोठा प्रक्षेपक बांधायला घेतला होता आणि इंजिनाची चाचणीही केली होती. ऑक्टोबर २००० मध्ये मालकांनी कंपनी बंद केली, आणि सरकारच जर आपल्या पसंतीच्या कंपन्यांना पैसे देऊन स्पर्धेत उतरवणार असेल तर खाजगी प्रक्षेपक उद्योग उभा राहणार नाही, असे कारण दिले. व्हर्जिन ऑर्बिट २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्याला जे दिसतात ते वाचलेले आहेत. बुडालेल्यांची यादी कोणी वाचत नाही.

आपल्याच परिसरात याची दोन जुनी उदाहरणे आहेत, म्हणून थोडे विषयाच्या कडेला जाते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगराने जमिनीला विष बाधते या समजुतीमुळे सुरुवातीला शेतकरी नांगर घेत नव्हते. तिथे राज्याने जागा दिली, पण गिऱ्हाईक शेतकरीच होता आणि तो मिळेपर्यंत तग किर्लोस्करांनी धरला. दुसरे उदाहरण साताऱ्यातल्या महाराष्ट्र स्कूटर्सचे. ती शासनाच्या पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाची आणि बजाज ऑटोची भागीदारी होती, आणि आमच्या घरची पहिली प्रिया स्कूटर तिथलीच. स्कूटरला गावोगाव गिऱ्हाईक होते. अग्निबाणाला असे गिऱ्हाईक नसते. उपग्रह पाठवणारे जगात मोजके, आणि त्यांतले मोठे पुन्हा सरकारेच. म्हणून या धंद्यात सरकारला बाजूला काढणे शक्यच नाही. ते मालक म्हणून नसेल तेव्हा गिऱ्हाईक म्हणून असते.


कऱ्हाडचा, सध्या हैदराबाद :

ताई, आपली विहीर मला पटली, आणि माझ्या पहिल्या उत्तरातली चूकही कळली. पण उक्ते काम ही काही जादू नव्हे. २०१४ मध्ये नासाने अंतराळवीर नेण्याची दोन कामे उक्तीच दिली: बोइंगला ४.२ अब्ज डॉलर आणि स्पेसएक्सला २.६ अब्ज. स्पेसएक्सने मे २०२० मध्ये माणसे नेली. बोइंगच्या यानातून जून २०२४ मध्ये आठवड्याभरासाठी गेलेले दोघे शेवटी मार्च २०२५ मध्ये स्पेसएक्सच्या यानातून परतले, आणि बोइंगला त्या कामात दीड अब्ज डॉलरहून अधिक तोटा सोसावा लागला. खडक लागला की उक्ता घेणारा विहीर अर्धवट टाकून पळूही शकतो. नासा वाचली ती दोघांना काम दिल्यामुळे. आपल्याकडे दोघांना काम देण्याइतका पैसा आणि तयारी आहे का, हा मला खरा अडसर वाटतो.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडच्या खाजगीकरणाचे रूप थोडे गमतीशीर आहे. एसएसएलव्ही या लहान प्रक्षेपकाचे तंत्रज्ञान उद्योगाला देण्यासाठी निविदा निघाली आणि जून २०२५ मध्ये ५११ कोटी रुपयांची बोली लावून ते मिळवले हिंदुस्तान एरोनॉटिक्सने, म्हणजे दुसऱ्या सरकारी कंपनीने. पाच पीएसएलव्ही बांधण्याचे सुमारे ८६० कोटींचे काम २०२२ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांना जोडीने मिळाले, आणि ते देणारी न्यूस्पेस इंडियाही सरकारचीच.


वाईचे वकील :

थोडक्यात एक कायदेशीर बाब नोंदवतो, कारण ती इथे कोणी काढली नाही. १९६७ च्या अंतराळ करारानुसार एखाद्या देशातल्या खाजगी कंपनीच्या अंतराळातल्या कृत्यांची आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्या देशाच्या सरकारवरच असते, आणि १९७२ च्या करारानुसार प्रक्षेपकाचा तुकडा परदेशात कोणाच्या घरावर पडला तर भरपाईचा दावा प्रक्षेपण करणाऱ्या देशावर येतो. मालक खाजगी असला तरी जामीन सरकारच राहते, आणि म्हणून परवाना, विमा आणि तपासणी यांतून सरकार कधीच बाहेर पडू शकणार नाही. परवाने द्यायला उशीर होतो अशी तक्रार करणाऱ्यांनी जामीनदाराच्या जागी क्षणभर बसून पाहावे.


निवृत्त तपासनीस (मिरज) :

लेखापरीक्षक ताईंनी माझेही डोळे थोडे उघडले. मी ज्याला सरकारचा धीर म्हणत होतो तो खरे तर नुकसान सोसण्याची ताकद होती. सरकारनेही मोठ्या चुका केल्या आहेत हे मला मान्य करायला हवे. अमेरिकेने सगळे उपग्रह स्पेस शटलवरूनच पाठवायचे ठरवून जुने प्रक्षेपक मोडीत काढायला घेतले होते. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजरचा स्फोट झाला आणि त्यांच्याकडे पर्यायच उरला नाही. त्या काळात युरोपच्या एरियानला गिऱ्हाइकांची रांग लागली. पुढे त्याच युरोपवर वेळ आली: एरियान ५ जुलै २०२३ मध्ये निवृत्त झाला, एरियान ६ जुलै २०२४ मध्ये उडाला, आणि मधल्या काळात त्यांनी आपले उपग्रह फाल्कन ९ वर चढवले.

आपल्याकडेही मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही-सी६१ चा तिसरा टप्पा दगावला. पीएसएलव्हीसारखा मुरलेला प्रक्षेपक फसतो तेव्हा दुसरा कोणीतरी तयार असावा, असे मलाही आता वाटते. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ८,२४० कोटी रुपयांच्या नव्या प्रक्षेपकात उद्योगाला सुरुवातीपासून सामील करून घेणार असे सरकारने म्हटले आहे. आराखडा काढतानाच वेल्डरला विचारले तर निम्मे जोड सोपे होतात, हे मी शपथेवर सांगतो.


कुपवाडकर (सांगली) :

सर्वांचे मनापासून आभार. ताईंचे उत्तर वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. विहिरीच्या उदाहरणावर ते म्हणाले की हे तर मी रोजच सांगतो, आणि मेहुणे म्हणाले की हे तर माझेच म्हणणे आहे, त्यामुळे घरातला वाद जिथे होता तिथेच आहे. मला मात्र माझा प्रश्न वेगळा दिसू लागला आहे. नुकसान कोण सोसतो हाच मुद्दा असेल, तर माझ्या कड्यात ते कोण सोसणार? व्हेंडरने दिलेल्या मसुद्यात लिहिले आहे की नाकारलेल्या नगाचे पैसे मिळणार नाहीत आणि कच्च्या मालाची किंमत आमच्याकडून वसूल होईल. आगाऊ रकमेचा उल्लेख नाही. पहिली मागणी सहा नगांची आहे, पुढच्या मागणीबद्दल फक्त तोंडी बोलणे झाले आहे.


लेखापरीक्षक (सातारा) :

म्हणजे खडक लागला तर तो आपला, आणि पाणी लागले तर त्यांचे. असा करार मी नामंजूर केला असता.


निवृत्त तपासनीस (मिरज) :

कुपवाडकर, सहा नगांसाठी यंत्र घेऊ नये. पुण्यात मोठ्या टेबलाची यंत्रे तासावर मिळतात, आणि थ्री-डी मोजणीही बाहेरून करून घेता येते; पहिले सहा नग तसेच करा आणि त्यात किती वेळ जातो ते लिहून ठेवा. व्हेंडरकडे तीन गोष्टी लेखी मागा. माल त्यांनी पुरवावा आणि पहिल्या दोन नगांपर्यंत नाकारलेल्या मालाची वसुली नसावी, कारण पातळ भिंतीचे कडे लेथच्या चकमधून (पकडीतून) सोडल्यावर लंबगोल होते आणि हे शिकायला दोन नग जातातच. निम्मी मजुरी आगाऊ मिळावी. आणि नाकारण्याचा निर्णय कोणाच्या मोजमापावर होणार, किती अंश तापमानाला होणार, हे ड्रॉइंगवर असावे. वीस अंशांना मोजलेले ॲल्युमिनियमचे पाऊण मीटरचे कडे मे महिन्यातल्या सांगलीच्या उन्हाळ्यात, चाळीस अंशांना मोजले तर व्यासात सुमारे ०.३५ मिलिमीटर मोठे भरते. आमच्या काळात निम्मी भांडणे एवढ्याच कारणाने झाली होती.

कच्च्या मालाचे प्रमाणपत्र आणि प्रत्येक नगाचा क्रमांक जपून ठेवा. पुढे गिऱ्हाईक इस्रो असो की कोणी खाजगी, कागद तेच मागतात.


कुपवाडकर (सांगली) :

तिन्ही गोष्टी आज सकाळी व्हेंडरला लिहून पाठवल्या. आगाऊ रकमेला ते तीस टक्क्यांपर्यंत तयार झाले आहेत, तापमानाचे ते विचारून सांगणार आहेत. वसुलीच्या कलमावर अजून उत्तर आलेले नाही. ते येईपर्यंत बँकेत जाणार नाही.